तीन सुताची नळी

फोन आला तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले असतील. जबलपूरला अधारतालच्या मेन रोडवर माझं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. एका हातात गॅसची पेटती बत्ती, दुसऱ्या हातात झाळेची काडी, असा मी एका फ्रिजच्या मागे उकिडवा बसून तांब्याच्या नळीला झाळ देत होतो. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून एक बाई फार जपून हिंदीत बोलत होत्या. "आप डॉक्टर वंदना जी के बड़े भाई बोल रहे हैं?" मी आधी बत्ती बंद केली. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर हात आपोआप ते करतात. मग त्यांनी सांगितलं की दक्षिण महासागरात, जहाजाच्या डेकवर काम चालू असताना लाट आली आणि वंदू... वंदना माझी धाकटी बहीण. मी त्यांना मध्येच तोडून विचारलं, तिला ठेवलं कुठे आहे? त्या म्हणाल्या, जहाजाच्या कोल्ड रूममध्ये. मी विचारलं, टेम्परेचर किती आहे? कॉम्प्रेसर एकच आहे का दुसरा जोडून ठेवलेला आहे? एक बंद पडला तर? हा माणूस वेडा आहे असं त्यांना वाटलं असेल. पण जहाज बंदराला लागायला अजून कितीतरी दिवस होते, आणि मला त्या वेळी तेवढंच कळत होतं.

फोन ठेवला आणि हातोडी उचलली. समोरचा फ्रिज कुणा मास्तरांचा होता, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. आधी दार फोडलं, मग आतल्या काचा, मग मागची जाळी वाकवली, मग मी नुकतीच झाळ दिलेला जोड ठोकून ठोकून सपाट केला. शेजारच्या बॅटरीच्या दुकानातले पांडेजी धावत आले आणि त्यांनी मला मागून कवळ घातली. माझं कोपर त्यांच्या तोंडावर बसलं आणि त्यांचा पुढचा दात पडला. रक्त पुसत पुसत ते म्हणत होते, "बैठ जा भैया, बैठ जा." मी बसलो. आमच्या घरात दुःख असंच बाहेर येतं, हातातून. दुसरी वाट आम्हाला कुणी दाखवलीच नाही.

हे लिहायला मी काही लेखक नाही. आयटीआय झालेला मेकॅनिक आहे. झालं असं, की विजय नगरात इथल्या मराठी मंडळींनी वंदूसाठी शोकसभा ठेवली. हार घातलेला फोटो, उदबत्त्या, सगळं रीतसर. एकजण उठून म्हणाले, वंदनाताई म्हणजे शांत, सोज्ज्वळ व्यक्तिमत्त्व. दुसरे म्हणाले, समुद्रासारखी गंभीर. तिसऱ्या बाईंनी तर तिला सागरकन्याच करून टाकलं. माझं डोकं तापलं. मी उठून म्हणालो, तुम्ही ज्या बाईबद्दल बोलून राहिले ती कोण आहे मला माहीत नाही. माझी बहीण शांत नव्हती. ती अकरा वर्षांची असताना तिनं आमच्या बापाचा गुडघा फोडला होता. सभा तिथंच आटोपली. बाहेर चपला घालताना वर्तमानपत्राच्या पुरवणीचं काम बघणाऱ्या एक बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, हे जे बोललात ते लिहून द्याल का? म्हणून हे लिहून राहिलो. गोड काही सापडणार नाही, आधीच सांगतो.

बाबा वर्ध्याकडून जबलपूरला आले आणि त्यांनी हे दुकान टाकलं. हात असा, की कॉम्प्रेसरवर नुसता तळवा ठेवून रोग सांगत. आणि तोच हात आमच्यावर पडायचा. दुकानाच्या मागच्या भिंतीत दोन खिळे होते, त्यांवर एक हातभर तांब्याची नळी आडवी ठेवलेली असायची. तीन सुताची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्या धंद्यात नळ्या अशाच मोजतात. तांबं तसं नरम असतं, पण मार देऊन देऊन कडक होतं, आणि ती नळी तर सळईसारखी झाली होती. नळीचा जोड केला की त्यावर साबणाचा फेस लावून बघायचा ही आमची पद्धत. बुडबुडा आला की लीक. मी जोड करायचो, बाबा फेस लावायचे, आणि आम्ही दोघं खाली वाकून बघायचो. बुडबुडा आला की नळी खिळ्यांवरून निघायची. माझ्या पोटऱ्यांवर अजून दोन जागी केस उगवत नाहीत.

वंदू शाळेतून परस्पर दुकानात यायची आणि कोपऱ्यात बसून गृहपाठ करायची. बघून बघून शिकली. दहाव्या वर्षी ती नळीचं तोंड असं दाबून बंद करायची की बाबासुद्धा फेस लावून गप्प बसत. मला मार बसायचा आणि तिला काही नाही, याचा मला राग यायचा, खोटं काहून बोलू. मग एका उन्हाळ्यात आई दुकानात डबा घेऊन आली. भाजीत मीठ नव्हतं, का जास्त होतं, आता आठवत नाही. बाबांनी नळी काढली. आईनं तोंडापुढे हात धरला आणि मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज आला, सुक्या काटकीसारखा. मी सोळा वर्षांचा होतो. दारात उभा होतो. हात पुढे झाला नाही माझा. बाबांनी घाम पुसायला नळी बाकावर ठेवली तेवढ्यात वंदूनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि त्यांच्या गुडघ्यावर हाणली. एकदा नाही, तीनदा. बाबा खाली बसले. पायजम्यातून रक्त आलं. ती नळी तशीच उगारून उभी होती, रडत नव्हती. मग तिनं ती परत खिळ्यांवर ठेवली, नीट, सरळ करून, आणि आईला रिक्षात घालून हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. त्या दिवसानंतर बाबांनी तिच्यावर आणि आईवर हात उगारला नाही. माझ्यावरचा मात्र चालू राहिला.

तिचं शिक्षण म्हणजे घरात रोजचं युद्ध. बाबांनी तिची पुस्तकं नालीत फेकली, तिनं ती काढून गच्चीवर वाळवली. वाळून फुगलेल्या त्याच पुस्तकांवर अभ्यास करून केमिस्ट्रीत पहिली आली. मग स्कॉलरशिप मिळाली आणि दूर समुद्रकाठच्या एका संस्थेत गेली. जबलपूरची मुलगी, तिनं तोवर नर्मदेवरच्या भेडाघाटाच्या पलीकडे पाणी बघितलं नव्हतं. पुढे ती दरवर्षी पार दक्षिण ध्रुवाच्या जवळ, बर्फाच्या काठापर्यंत जाऊ लागली. मला कुणी विचारलं की बहीण काय करते, तर मी म्हणायचो, समुद्राचं पाणी तपासते. एकदा ती सुटीत आली होती, मी एका जुन्या फ्रिजचा गॅस सोडत होतो. नळी कापायची, गॅस फुस्स करून हवेत जाऊ द्यायचा, मग दुरुस्ती करून नवीन भरायचा. आम्ही सगळे तसंच करायचो. तिनं विचारलं, "दादा, हा गॅस कुठे जाते?"

"जाते वर. आणखी कुठे जाईल?"

"वर जाते, आणि मग माझ्याकडे येते." असं म्हणून ती बाकावर बसली आणि तिनं मला तिचं काम पहिल्यांदा समजावलं. तिकडे ध्रुवाजवळ समुद्र गोठतो तेव्हा बर्फ मीठ बाहेर टाकतो. खाली उरलेलं पाणी खारट होतं, गार होतं, जड होतं आणि बुडतं, पार तळाला, कितीतरी किलोमीटर खाली. बुडण्याआधी त्याचा हवेशी शेवटचा संबंध येतो, तेव्हा हवेत जे असेल ते थोडं थोडं सोबत घेऊन जातं. हा फ्रिजचा गॅस निसर्गात नव्हताच. माणसानं केला, आणि वर्षागणिक हवेत किती होता याची नोंद आहे. म्हणजे तळाच्या पाण्यात तो किती आहे हे मोजलं की ते पाणी हवेपासून कधी तुटलं हे कळतं, आणि तिथून कुठल्या वाटेनं कुठवर गेलं हेही कळतं. "बाबा तीस वर्षं गॅस सोडून राहिले," ती म्हणाली, "त्यातला काही तरी त्या काळोखात फिरत असेल. मी तो पकडते." मी हसलो. पण मनात कुठेतरी बरं वाटलं, की आमच्या या कळकट धंद्याचा तिला काही उपयोग आहे.

आणखी एक गोष्ट तिनं दाखवली तेव्हा मी चाटच पडलो. तिच्या बॅगेत एक तांब्याची नळी होती. तीन सुताची. हेलियम म्हणून एक गॅस असतो, फार निसटता, काचेतूनही झिरपतो. बर्फाचे डोंगर समुद्रात खालून किती वितळून राहिले हे त्या हेलियमवरून समजतं, आणि तो ठेवायला जगात अजून तांब्याच्या नळीपेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही. नळीत पाणी भरायचं आणि दोन्ही टोकं दाबून बंद करायची. म्हणजे दुकानाच्या कोपऱ्यात बसून जे शिकली, तेच. मी विचारलं, यात बुडबुडा राहिला तर? ती म्हणाली, "सगळं फुकट. म्हणून भरताना हिला लाकडानं मारावं लागते. टक टक टक, चिकटलेले बुडबुडे सुटून जाईपर्यंत." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पहिल्या वर्षी माझा हातच उठत नव्हता, दादा." मी म्हणालो, एकदा ते तळाचं पाणी आणून दाखव मला. ती म्हणाली, आणीन.

समुद्राबद्दल लोक फार गोड लिहितात. ती जे सांगायची त्यात गोड काही नव्हतं. त्या भागात वारा आडवा येऊन गालफडात मारतो. लाट जहाजावर आदळली की आतली माणसं भिंतीवर फेकली जातात, जेवताना एका हातानं ताट आणि एका हातानं टेबल धरायचं. एका मोहिमेत समुद्राचं पाणी भरून आणणाऱ्या बाटल्यांची चौकट खाली सोडणारा लोखंडी दोर तुटला आणि उलटा फिरून एका खलाशाच्या हाताची तीन बोटं घेऊन गेला. वंदूनं त्याच्या हाताला घट्ट पट्टी आवळली, त्याला आत पोचवलं आणि परत डेकवर येऊन पाण्याचे नमुने भरले, कारण ते थांबले असते तर वाया गेले असते. मी म्हणालो, तुला भीती वाटत नाही का? म्हणाली, "तिथं मारणाऱ्याला राग नसते ना. बरं वाटते." हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. ते कळायला मला फार उशीर झाला.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते लिहितो. बारा-तेरा वर्षं झाली असतील. आई जाऊन बरेच दिवस झाले होते. बाबांचं उजवं अंग लुळं पडलं होतं, पण डाव्या हातानं ते ताटं फेकत. वंदू दोन दिवसांसाठी आली, तिसऱ्या दिवशी तिला बंदराकडे निघायचं होतं. सोबत एक डबा होता, त्यात तिच्या बाटल्यांच्या झाकणांना लागणाऱ्या रबरी रिंगा. घरात बाबांचा भरवसा नाही म्हणून डबा दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवला. तिनं मला बजावलं, "दादा, मी निघेपर्यंत दुकानात गॅस सोडू नको. एकही जुना फ्रिज उघडू नको. रबर हा गॅस पिऊन घेते आणि मग हळूहळू पाण्यात सोडते. या रिंगा मी पंधरा दिवस भट्टीत ठेवून साफ केल्या आहेत." मी म्हणालो, बरं.

निघायच्या दिवशी सकाळी माझ्या बायकोला, सुनीताला, ताप होता. मी वंदूला म्हणालो, बाबांना तू भरव. ती वाटी घेऊन बसली. बाबांनी गरम वरण तिच्या तोंडावर उडवलं आणि एक शिवी दिली, ती इथं छापता येणार नाही. तिनं तोंड पुसलं, वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "मी नाही भरवणार. राहू द्या याला उपाशी." रोज त्यांची घाण काढणारा मी, आणि ही वर्षातून दोन दिवस येऊन असं बोलते... मी तिच्या थोबाडीत मारली. एक मारली आणि थांबलो नाही, दुसरीही मारली. ती दाराच्या चौकटीवर जाऊन आदळली, भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. पलंगावर बाबा अर्ध्या तोंडानं हसले. वंदू उठली, पदर भुवईवर दाबला आणि एखाद्या जोडाकडे बघावं तसं माझ्याकडे बघत म्हणाली, "आता तुझा हात बरोबर बसते. बाबांसारखा."

मी दुकानात आलो. अंगाची आग होत होती. समोर एक फार जुना फ्रिज पडला होता, त्यात अजून कंपनीतून भरलेला बारा नंबरचा गॅस होता. त्याची काही घाई नव्हती. मी पाना घेतला, कटर घेतला आणि नळी कापली. मी विसरलो होतो असं नाही. मला पक्कं आठवत होतं. तिच्या रबराच्या रिंगांपायी मी धंदा बंद ठेवू काय, असं मोठ्यानं म्हणालोही, दुकानात कुणी नसताना. गॅस सुटला, तेलाचे शिंतोडे उडाले, आणि मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. ते मी लावलं नाही. कुणाला मारल्यावर जसं होतं तसं झालं मला. आधी हलकं वाटलं, मग पाना घेऊन पुसत बसलो.

तासाभरानं ती आली. सुनीता तापातच उठून तिला बड्या फुहाऱ्याच्या चौकातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती, भुवईला चार टाके पडले होते. वंदू दारात थांबली. तिथंच उभं राहून तिनं एक लांब श्वास घेतला. कापलेल्या नळीकडे बघितलं, खाली सांडलेल्या तेलाकडे बघितलं. मी पाना पुसत राहिलो. मग ती मागे गेली, डबा उचलला आणि म्हणाली, "चलो, ट्रेनचा टाइम झाला." ऑटोत बसताना तिनं डबा मांडीवर घेतला होता, लहान मूल घ्यावं तसा.

दोन-तीन महिन्यांनी परत आल्यावर तिचा फोन आला. म्हणाली, या वेळी माझे पहिले अठरा ठिकाणचे नमुने फुकट गेले. मी विचारलं, काहून? म्हणाली, "माझीच चूक. रिंगा नीट साफ झाल्या नव्हत्या." त्यानंतरच्या दोन मोहिमांवर तिला नेलं नाही, एका मोठ्या कामावरून नाव निघालं. मी या टोकाला फोन धरून उभा होतो. तोंडाशी सगळं आलं होतं. आणि मी म्हणालो, "अच्छा." एवढंच. पुढे बाबा गेले, ती तेराव्याला आली, नंतर दोनदा आली, दर रविवारी न चुकता फोन करायची, सुनीताशी तासभर हसायची. पण दुकानाची पायरी पुन्हा चढली नाही. म्हणायची, तिथं तेलाचा वास येते. दर रविवारी मी ठरवायचो की आज सांगू, आणि दर रविवारी म्हणायचो, जेवलीस का, थंडी किती आहे. मी ते सांगितलं नाही. हे एवढंच माझ्या आयुष्यात झालेलं नाही, बाकी सगळं झालं.

जहाजावरून तिला घरी यायला एकवीस दिवस लागले. पेटीच्या आत जस्ताचा पत्रा होता आणि त्याला चारी बाजूंनी झाळ दिलेली होती, हवा जाऊ नये म्हणून. दहनासाठी नर्मदेवर ग्वारीघाटाला नेली, तर ती खोलता येईना. कुणी म्हणालं, असंच राहू द्या. मी दुकानातून बत्ती आणि कात्री आणली आणि माझ्या हातानं ती झाळ उकलली. कुणी दिली माहीत नाही, पण काम चांगलं केलं होतं. तिची छाती पट्ट्यांनी बांधलेली होती, चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. नवीन असं काही नव्हतं. डाव्या भुवईत ती पांढरी रेघ होती, केस न उगवलेली. माझी. एवढा मोठा समुद्र अंगावर पडला, आणि तोंडावरची खूण फक्त भावाची.

त्यानंतर आठवड्याभरानं थॉमस आला. तिच्याबरोबर कितीतरी मोहिमा केलेला, केरळचा, बुजरा माणूस. तिची बॅग घेऊन आगगाडीनं आला. दुकानाच्या दारात थांबून आत बघत राहिला आणि म्हणाला, "यही वो दुकान है?" मी त्याला बसवलं, चहा मागवला. त्यानं शेवटचं सांगितलं. वारा वाढत होता, चौकट पाण्याबाहेर काढून डेकवर घ्यायची होती. वंदू दोर धरून होती. मागून आलेल्या लाटेनं ती लोखंडी चौकट उचलली आणि वंदूला तिच्यासकट भिंतीवर आपटलं. ती तासभर जगली. शुद्धीत होती. बाटल्या फुटल्या का, असं विचारलं. फुटल्या नव्हत्या. थॉमस तिच्यापाशी बसला, आणि बाकीच्यांनी बाहेर जाऊन तिचे नमुने भरले.

मी त्याला विचारलं, तू दारात काहून थांबला? दुकान तुला कसं माहीत? तो घुटमळला. मग म्हणाला, मॅडम दर मोहिमेत नव्या लोकांना एक गोष्ट सांगायच्या. नमुन्यात दोन गॅस मोजतात, अकरा नंबर आणि बारा नंबर. हवेतून आले तर ते एका ठराविक प्रमाणात यायला पाहिजेत, आणि फ्रिजमध्ये असतो नुसता बारा. एकदा नुसता बारा नंबर वर गेला, अकरा जागेवर. मॅडमनी कागद बघितला आणि त्याच क्षणी म्हणाल्या, हे समुद्राचं नाही, हे फ्रिजवाल्याचं आहे. मी विचारलं, म्हणजे तिला तिथं जहाजावर समजलं? थॉमस म्हणाला, "नहीं भैया. दुकान के दरवाज़े पर ही समझ गई थीं. तेल की बू से." दुसऱ्या रिंगा मिळायला वेळ नव्हता. त्याच घेऊन गेली, जहाजाच्या भट्टीत पुन्हा भाजून बघितल्या, जमलं नाही. आणि सगळ्यांसमोर चूक अंगावर घेतली.

बारा वर्षं. दर रविवारी मी लपवून राहिलो होतो आणि ती माझं लपवणं ऐकून राहिली होती. मी ओरडलोच त्या बिचाऱ्यावर. मला का नाही सांगितलं तिनं? शिव्या द्यायच्या होत्या, तोंड बघायचं नव्हतं, नळी हाणायची होती गुडघ्यावर, तिला येत होतं ते. थॉमस म्हणाला, मीही विचारलं होतं त्यांना एकदा. त्या म्हणाल्या, "बता देती तो वो शर्म से किसी को मारता. मैं सामने नहीं होती तो भाभी को."

मला वाटलं होतं तिनं मला माफ केलं असेल, किंवा नसेल केलं. या दोनच गोष्टी माझ्या डोक्यात होत्या. ती मला घाबरत होती हे मला कधी सुचलंच नाही. बापाचा गुडघा फोडणारी माझी बहीण माझ्याशी बोलताना बारा वर्षं श्वास धरून बोलत होती, आम्ही बाबांशी बोलायचो तशी. मी हातोडी उचलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच उचलली नाही. बाकावर बसलो आणि थॉमससमोर मोठ्यानं रडलो. पुढचा दात नसलेले पांडेजी दारात आले, त्यांनी बघितलं, आणि परत गेले.

घरी जाऊन मी सुनीताला विचारलं, तू मला घाबरतेस का? ती पोळी लाटत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. म्हणाली, "आता काहून विचारून राहिले?" हे उत्तर घेऊन मी जगतो आहे.

त्याआधी दुकानात, निघता निघता, थॉमसनं बॅगेतून शेवटी एक वस्तू काढली होती. मागच्याच्या मागच्या मोहिमेत तिनं माझ्यासाठी वेगळी भरून ठेवली होती, आणून द्यायची राहिली. तांब्याची नळी, तीन सुताची, हातभर लांब, दोन्ही टोकं दाबून बंद केलेली. वर तिच्या अक्षरात चिठ्ठी, त्यात समुद्रातली जागा, पाणी किती खोलवरचं, आणि खाली, "दादा, तळाचं पाणी." मी ती हलवून बघितली. आतून काहीच आवाज आला नाही. पूर्ण भरलेली आहे, हवेला जागाच नाही.

बाबांची नळी अजून त्या दोन खिळ्यांवर होती. इतकी वर्षं मी ती काढली नव्हती, काहून ते मला माहीत आहे. ती भंगारात दिली, आणि त्या खिळ्यांवर वंदूची ठेवली. गॅस आता हवेत सोडत नाही, कितीही थोडा असो, सिलिंडरमध्ये ओढून घेतो, गिऱ्हाईक खोळंबलं तरी. आणि रोज सकाळी शटर उघडलं की पहिलं काम म्हणजे साबणाचा फेस करतो, तो नळीच्या दोन्ही टोकांना लावतो आणि वाकून बघतो. लहानपणी बाबांच्या शेजारी वाकायचो तसा. आजही बघितलं. बुडबुडा नाही. मग फडक्यानं पुसतो, परत खिळ्यांवर ठेवतो, नीट, सरळ करून, आणि तिला जे फोनवर कधी सांगितलं नाही ते तिथं उभं राहून सांगतो.